वर्ष संपेपर्यंतची खुर्ची

माझ्या दादाला मिलमध्ये सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. गेटवरचा वॉचमन तर उघड सांगायचा, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी माझं अडत नाही, हा माणूस आत शिरला की मी भोंगा वाजवतो. वहिनी वैतागली की म्हणायची, "सासूबाईंनी मुलगा नाही, घड्याळ जन्माला घातलं. किल्ली तरी माझ्या हातात द्यायची होती." अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, हा आपला कामावर. माझ्या लग्नालासुद्धा पहिली पाळी संपवून आला होता, अंगाला ओल्या कागदाचा वास घेऊन. मी तेव्हाही भांडले होते. पण सांगते कोणाला? सुट्टी घेणं म्हणजे त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं.

आमची मिल रद्दीपासून पुठ्ठा बनवते. रद्दीचे गठ्ठे ट्रकमधून उतरतात, मोठ्या हौदात भिजून त्यांचा लगदा होतो, आणि लगद्याची ओली चादर वाफेने तापवलेल्या लोखंडी सिलिंडरांवरून फिरत फिरत पलीकडे कोरडी होऊन बाहेर पडते. दादाने आख्खा जन्म त्या सिलिंडरांपाशी काढला. तिथे उभं राहिलं की चष्म्यावर वाफ धरते आणि शर्ट पाठीला चिकटतो. मी त्याच मिलचं कॅन्टीन चालवते. माझा नवरा गेला तेव्हा दादानेच वरच्या लोकांकडे शब्द टाकून मला ते मिळवून दिलं होतं. म्हणून जे सांगते आहे ते ऐकीव नाही, रोज डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

हे सगळं सुरू झालं कंपनी शेअर बाजारात आली तेव्हापासून. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मोठा पडदा लावला होता. पडद्यावर आमच्या मोठ्या मालकांनी शहरातल्या कुठल्याशा हॉलमध्ये घंटा वाजवली, वरून चमचमते कागद पडले आणि इकडे आमच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. ते चमचमते कागद पुढे कोणी झाडले असतील, हा विचार बहुतेक एकट्या माझ्याच डोक्यात आला. कायम नोकरीतल्या प्रत्येक कामगाराला कंपनीने थोडे थोडे शेअर दिले होते. बाकीच्यांनी ते मिळाल्याचं पत्र कपाटात टाकलं. दादाने ते काचेच्या चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलं.

"आता आपण नुसते नोकर नाही," तो मला म्हणाला. "आता आपणही मालक."

"हो का? मग मालक, चहा आत्ता घेणार, की सभा भरवून ठराव करणार?"

हसला. पण त्याच्या मनात ते खोल रुजलं होतं. नळ गळताना दिसला की बंद करायचा, दिवा जळताना दिसला की विझवायचा, आणि वर मला ऐकवायचा, "आपलंच नुकसान ना ग." पूर्वी तो कामाला लागलेला माणूस होता, आता त्याला काळजीही लागली.

पूर्वी मिलचा हिशेब मालक आणि त्यांची बँक एवढेच बघत. आता परके लोक पैसे लावणार, तर त्यांना सगळं कळायला हवं. नुसता नफा नाही. पाणी किती उपसलं, धूर किती सोडला, कामावर किती माणसं जखमी झाली, त्यापायी कामाचे किती दिवस गेले. त्याला म्हणतात शाश्वतता अहवाल. तो तयार करायला मुख्य कचेरीतून एक मुलगी येऊ लागली. आम्ही तिला ‘अहवालवाली’ म्हणायचो. पोर चांगली होती. डब्यातलं गार जेवण सोडून माझ्याकडे गरम जेवायची आणि मला समजावून सांगायची.

"मावशी, हल्ली पैसे लावणारे लोक हेही बघतात. माणसांना नीट वागवलं जातं की नाही ते."

"वा! कोणीतरी विचारणारं निघालं म्हणायचं," मी म्हटलं. आणि मला खरोखर बरं वाटलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

त्याच सुमाराला गेटवर मोठा बोर्ड लागला. ‘अपघाताविना गेलेले दिवस’. खाली आकड्यांच्या पाट्या अडकवायला खाचा. वॉचमन रोज सकाळी पाटी बदलायचा. आणि एक सेफ्टीसाहेब आले. तोंडात साखर, पायात चकचकीत बूट. कोणाला ‘अरे’ म्हणून बोलले नाहीत कधी. दादाला तर ‘काका’ म्हणायचे.

वर्ष संपायला काही आठवडे राहिले होते. दादाच्या सिलिंडरांखालच्या उकळत्या पाण्याच्या पाइपाचा सांधा सुटला. पाणी उसळलं ते थेट त्याच्या गमबुटात. आता कोणीही माणूस काय करेल? आधी बूट काढून फेकेल. आमच्या घड्याळाने आधी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, दोघा पोरांना बाजूला ढकललं, आणि मग एका गठ्ठ्यावर बसून बूट काढला. तोवर पाय त्या पाण्यात शिजत होता. मी कॅन्टीनमधून धावत गेले तेव्हा मोज्याबरोबर कातडी सुटून आली होती. तो मात्र म्हणतो, "मशीन थांबलं नाही ना?"

मिलच्या डॉक्टरने मलमपट्टी केली आणि स्पष्ट सांगितलं. ह्यांना साखरेचा आजार आहे, जखम भरायला वेळ लागेल, घरी झोपून राहायचं, पाय उशीवर उंच ठेवायचा, आणि दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हे बोलणं झालं तेव्हा मी तिथेच होते, वहिनी होती, सेफ्टीसाहेबही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटमधून आत शिरले, तर वॉचमन बोर्डावरची पाटी बदलत होता. आकडा काल होता त्यापेक्षा एकाने जास्त.

"अरे, काल अपघात झाला ना? माझ्या भावाचा पाय भाजला!"

"ताई, वरून सांगितलंय. माणूस कामावर हजर असला की तो अपघात धरत नाहीत."

"हजर? कोण हजर?"

त्याने मान आत वळवून दाखवलं. कंपनीची पांढरी गाडी उभी होती, आणि ड्रायव्हर माझ्या दादाला काखेत धरून उतरवत होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, पायाला हे एवढं बँडेज.

तेव्हा मला तो नियम कळला. भाजलेला, कापलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला नाही, तर ‘गमावलेला दिवस’ म्हणून तो अहवालात जातो. आला, तर जात नाही. आल्यावर त्याने काय केलं, उभा राहिला की आडवा पडला, ते विचारायला कोणी येत नाही. म्हणून सेफ्टीसाहेबांच्या खोलीत एक खुर्ची ठेवली होती. चाकांची, हातांची, मॅनेजरच्या केबिनमधून आणलेली. दादाला तिच्यात बसवलं आणि काम दिलं हेल्मेटं मोजायचं. फळीवर रचलेली हेल्मेटं. मोजायची, पुसायची, पुन्हा रचायची.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच खोलीत शिरले.

"साहेब, डॉक्टरांनी झोपवायला सांगितलंय ह्याला!"

"ताई, बसा ना. आम्ही काकांना काही काम लावलेलं नाही. घरी पाय उंच करायचा तो इथे करतील. गाडी आणेल, गाडी सोडेल. पहिलंच वर्ष आहे आपलं बाजारात. पहिल्याच अहवालात डाग लागला, तर बाहेरचे लोक काय म्हणतील? वर्ष संपेपर्यंतचा प्रश्न आहे. मग काकांना हवी तेवढी सुट्टी."

मी दादाकडे पाहिलं. तो साहेबांच्या बाजूने मान हलवत होता.

"बरोबर आहे त्यांचं," दादा म्हणाला. "तुला कळत नाही त्यातलं. अहवाल खराब झाला तर शेअर पडतो. नुकसान कोणाचं? आपलंच ना?"

डोंबल आपलं! असं मी म्हणालेच, साहेबांच्या तोंडावर. पण मालक झालेल्या माणसाला कोण समजावणार?

घरी तर आणखीनच तऱ्हा. वहिनी सगळ्या गल्लीत सांगत होती, ह्यांना आणायला गाडी येते. आमच्या गल्लीत आजवर गाडी यायची ती एक तर आजाऱ्याला न्यायला, नाही तर घर रिकामं करायला. वहिनी रोज सकाळी त्याचा शर्ट इस्त्री करायची, खिडकीत उभी राहून गाडी वळेपर्यंत बघायची. मी काही बोलले की म्हणायची, "तू प्रत्येक गोष्टीत वाईट शोधतेस. एवढं कोण करतं कामगारासाठी?" तिचंही चुकत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या माणसासाठी कोणी दारात थांबलं नव्हतं, तिला त्याचंच अप्रूप.

मी कॅन्टीनमधला भाजीचा रिकामा क्रेट नेला, उपडा घातला, वर जुनी चादर दुमडून ठेवली आणि दादाचा पाय त्यावर उचलून ठेवला. सकाळी जाऊन ठेवायचे, दुपारी जेवण घेऊन जायचे तर पाय पुन्हा खाली. कोणी बाहेरचं आलं की साहेब क्रेट हलवायला लावायचे, बरं दिसत नाही म्हणून. दादा मुकाट्याने पाय खाली घ्यायचा. दिवसभर लोंबकळून पाय सुजायचा. बोटं जांभळी दिसायला लागली. पट्टीही तो स्वतःच बदलायचा, मिलच्या डॉक्टरकडे पुन्हा गेलाच नाही.

"दुखतंय का रे?"

"अजिबात नाही. दुखत नाही म्हणजे भरतंय."

साखरेच्या आजारात पायाची जाणीवच मरते, त्याला दुखणार कुठून? हे मला पुढे दवाखान्यात कळलं. तेव्हा मात्र त्याचं ते ‘दुखत नाही’ ऐकून मलाही थोडा धीर वाटायचा.

अहवालवालीने एक दिवस ताट पुढे ओढलं आणि हळूच विचारलं, "मावशी, त्या खोलीत ते काका बसलेले असतात, त्यांच्या पायाला काय झालंय?"

मी काहीही राखून ठेवलं नाही. पाणी, बूट, डॉक्टर, गाडी, खुर्ची, सगळं सांगितलं. तिचा घास तसाच राहिला.

"मी हे लिहीन," ती म्हणाली.

"लिही बाई. पण लिहून होईपर्यंत त्याला घरी तरी पाठव."

"तो अधिकार मला नाही, मावशी. मी फक्त विचारते आणि लिहिते."

ती उठून सेफ्टीसाहेबांकडे गेली. खोलीच्या काचेतून मला दिसत होतं. ती बोलत होती, साहेब हसत होते, मग साहेबांनी दादाकडे हात केला. दादाने तिला काय सांगितलं ते त्यानेच मला नंतर अभिमानाने ऐकवलं. "मी सांगितलं, माझ्यावर कसलीही जबरदस्ती नाही. मी माझ्या खुशीने येतो." घ्या! ज्याच्यासाठी भांडायचं तोच समोरच्याच्या मांडीवर जाऊन बसलेला.

वर्ष संपायला आठवडा उरला असेल, तेव्हा पैसे लावणारे लोक मिल बघायला आले. मिल धुऊन काढली होती. झाडांच्या कुंड्या भाड्याने आणल्या होत्या. साहेबांनी आदल्या दिवशीच दादाला सांगून ठेवलं होतं, पाहुणे तुमच्याशी बोलतील, तुम्ही सगळ्यांत जुने, फोटोही काढायचाय. आणि मिलच्या आवारात सेफ्टी बुटांशिवाय कोणी दिसता कामा नये, हा तर नियमच होता. साहेबांनी ‘बूट घाला’ असं त्याला म्हटलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांनी ते शंभर वेळा सांगितलं. पण नियम आहे म्हटल्यावर आमचं घड्याळ मागे राहील? त्याने पट्टी पातळ केली, तो सुजलेला पाय लोखंडी टोकाच्या बुटात कोंबला, आणि वर नाडीही आवळली.

मी पाहुण्यांसाठी चहा घेऊन गेले तेव्हा क्रेट कुठेच नव्हता. दादा त्या खुर्चीत ताठ बसला होता, डोक्यावर नवंकोरं हेल्मेट. फोटोवाला म्हणाला, "काका, हसा जरा." दादा तसा हसणारा माणूस नव्हता. फोटो म्हटलं की पोलिसासारखा चेहरा करायचा. पण एका पाहुण्याने त्याला विचारलं, "तुम्ही इथे कामगार आहात ना?" आणि दादा म्हणाला, "कामगारही आहे, आणि थोडासा मालकही." सगळे हसले. दादाही हसला, अगदी मनापासून. तेवढ्यात फोटो निघाला.

पाहुणे गेले. संध्याकाळी बूट निघेना. दादा ओढतोय, ड्रायव्हर ओढतोय. मी कॅन्टीनमधून मोठी कात्री आणली, नाड्या कापल्या, मग चामडं कापलं. कात्री चालेना, दोन्ही हातांनी दाबली. बूट सुटला तसा खोलीत असा वास पसरला, की ड्रायव्हर तोंड दाबून बाहेर पळाला. दोन बोटं काळी पडली होती. काळी म्हणजे काळीच, कोळशासारखी.

दादाने एकदा पाहिलं आणि त्यावर फडकं टाकलं. "नवा बूट होता. कापलास कशाला?"

मी रडले. त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारून रडले. "दादा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. तुझ्या पाया पडते."

"आता चारदोन दिवसांसाठी? इतके दिवस काढले ते सगळे वाया घालवू? वर्ष संपलं की त्याच संध्याकाळी येतो. शब्द देतो."

मी साहेबांना गाठलं. ते फोनवर होते, फोन ठेवून नीट उभे राहिले. चेहरा उतरला होता त्यांचा, ते मी नाकारत नाही. म्हणाले, "ताई, मी त्यांना बांधून ठेवलेलं नाही. त्यांनी आत्ता म्हटलं तर आत्ता गाडी देतो. तुम्ही त्यांच्याकडून वदवून घ्या." खरंच होतं ते. बांधलेलं कोणीच नव्हतं. म्हणून तर सोडवताही येईना.

घरी जाऊन वहिनीला पाय दाखवला. तोवर दादा घरातही मोजा घालून वावरत होता, तिला काही बघूच देत नव्हता. तिने पाहिलं. त्या दिवसापासून तिने शर्ट इस्त्री करणं सोडलं. सकाळी दार अडवून उभी राहिली. ड्रायव्हरला ‘चालता हो’ म्हणाली. दादा तिच्यावर उभ्या आयुष्यात ओरडला नसेल एवढा ओरडला, "माझी एवढी वर्षांची हजेरी तू मोडणार?" आणि चुरगळलेल्या शर्टात लंगडत गाडीत जाऊन बसला. वहिनी दारात तशीच उभी. गल्लीतल्या बायका बघत होत्या.

वर्षाचा शेवटचा दिवस. दादाच्या अंगात एवढा ताप होता, की मी कपाळावर हात ठेवला तो चटकन काढला. तो हेल्मेटं मोजत होता, मध्येच विसरत होता, पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. मी दिवसभर कॅन्टीन सोडून त्याच्याजवळ बसले. मला म्हणाला, "आई बोलावतेय का बघ ग. जेवायला वाढलं असेल." आमची आई जाऊन किती वर्षं झाली! मी उठून ड्रायव्हरला हाक मारली, तर ह्याने खुर्चीचे हात घट्ट पकडले. भोंगा झाल्याशिवाय हलेना. भोंगा झाला तसा स्वतः उठला, भिंत धरत धरत हजेरीच्या यंत्रापाशी गेला, बोट टेकवलं, हिरवा दिवा लागला, आणि तिथेच कोसळला.

मोठ्या दवाखान्यात पाय गुडघ्याच्या वर कापला. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, विष रक्तात गेलंय. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस ह्यांना कुठे ठेवलं होतं?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. काय सांगणार? खुर्चीवर ठेवला होता म्हणून?

सेफ्टीसाहेब फळं घेऊन आले. दादा शुद्धीवर होता, चेहरा पिवळा, ओठ सुकलेले. पाय कापल्याचं त्याला सांगितलं होतं, पण त्याने त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. साहेबांना बघून उठायला गेला.

"काय झालं साहेब? आपला अहवाल?"

"स्वच्छ गेला, काका. एकही दिवस गेला नाही."

दादाने डोळे मिटले. त्याला बरं वाटलं, ते मला दिसलं. त्या क्षणी मला साहेबांचा जेवढा राग आला, तेवढाच दादाचा आला. आजही येतो. चार दिवसांनी तो गेला.

मी पुढे साहेबांना विचारलं होतं, आता नव्या वर्षाच्या अहवालात तरी माझा भाऊ येईल ना? ते खाली बघून म्हणाले, "ताई, दवाखान्याच्या कागदावर कारण मधुमेहाचं आहे. तो आजार आहे, अपघात नाही." म्हणजे जुन्या वर्षात तो हजर होता म्हणून नाही, आणि नव्या वर्षात आजारी होता म्हणून नाही. गेटवरच्या पाट्या वॉचमन बदलतोच आहे. माझ्याशी बोलताना नजर चुकवतो बिचारा.

काही महिन्यांनी वहिनीच्या घरी जाडजूड पाकीट आलं. वर दादाचं नाव. शेअर असलेल्या सगळ्यांना अहवाल जातो, तसा त्यालाही आला होता. वहिनीने मला बोलावून घेतलं. मुखपृष्ठ आमच्याच मिलच्या पुठ्ठ्याचं, आणि त्यावर पानभर दादा. नवं हेल्मेट, कंबरेपर्यंतचा, तोंड भरून हसणारा. खाली ठळक अक्षरांत छापलेलं, ‘एकही दिवस वाया नाही’.

वहिनी म्हणाली, "आत काय लिहिलंय ते वाच."

मी वाचून दाखवलं. जखमांमुळे गमावलेले दिवस, शून्य. मग माणसांबद्दलचं पान. त्यात एक चौकट होती. कंपनी जखमी कर्मचाऱ्यांना वाहनाची सोय, बसून करायचं हलकं काम आणि आपुलकीची देखरेख देते, इतर उद्योगांनी अनुकरण करावं असा हा उपक्रम आहे. अहवालवालीने लिहिलं होतं ते हेच असणार. कोणीतरी त्यातला पाय काढून टाकला होता आणि खुर्ची ठेवली होती. ती पोर त्यानंतर कॅन्टीनला आली नाही. मी तिला शिव्या घालायला तयार होऊन बसले होते, आणि खरं सांगायचं तर, जेवूही घातलं असतं.

मी अहवाल चुलीत घालायला निघाले. वहिनीने तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"खुळी का तू? ह्यांचा हसरा फोटो दुसरा आहे का घरात? दाखव मला एक."

मी कपाट उघडलं. त्याच्या लग्नातला फोटो, माझ्या लग्नातला, ओळखपत्रावरचा. सगळीकडे तो पोलिसासारखा चेहरा. हसरा एकही नव्हता.

वहिनीने भिंतीवरची चौकट उतरवली, मागचे खिळे सोडवले, आणि शेअरचं पत्र बाहेर काढून टेबलावर पालथं ठेवलं. मुखपृष्ठ फाडून घेतलं. ते चौकटीपेक्षा जरा मोठं होतं. मी कात्री घेतली आणि खालची ती ठळक अक्षरं कापायला लागले.

वहिनीने माझा हात धरला.

"ते राहू दे. वरचं काप, हेल्मेट काप. त्या ओळीसाठीच तर गेले हे. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचू दे."

मी वरची पट्टी कापली. वहिनीने काच पदराने पुसली आणि चौकट पुन्हा जुन्याच खिळ्याला लावली.